स्वयंपाकघर नव्याने करताना छतातल्या दिव्यांची आखणी

स्वयंपाकघराच्या छताचा आराखडा बहुतेक वेळा असा तयार होतो: कागदावर एक चौकोन, त्यात सारख्या अंतरावर सहा किंवा आठ गोल, दोन सरळ रांगांत. वर बघितलं की फार नीटनेटकं दिसतं. काम संपतं, बघणारे वाहवा करतात, आणि पहिल्याच संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून चिरायला घेतलं की चॉपिंग बोर्डवर आपलीच सावली. सगळे दिवे चालू, खोलीत उजेड भरपूर, नेमका सुरीखाली अंधार. ते गोल छताच्या मापाने मांडलेले असतात आणि काम चालतं ओट्यावर, म्हणून असं होतं.

म्हणून इथे आखणी उलट्या क्रमाने केली आहे. हात कुठे चालतात ते आधी बघायचं, मग सावली कुठे पडते ते, मग दिव्याची जागा, त्यानंतर दिवा कोणता ते, आणि स्विच-वायरिंग त्याच्याही नंतर. पुढची सगळी गणितं एकाच नमुना खोलीवर केली आहेत: ३ मीटर बाय ३.६ मीटर, म्हणजे साधारण १० बाय १२ फूट. फॉल्स सीलिंगची उंची जमिनीपासून २.६ मीटर. ओटा ८५ सेंटीमीटर उंच आणि ६० सेंटीमीटर खोल. वरची कपाटं ३३ सेंटीमीटर खोल आणि ओट्यापासून ६० सेंटीमीटर वर सुरू होणारी. तुमची मापं वेगळी असणार. आकडे बदलायचे आणि तेच गणित पुन्हा करायचं.

१. कपाटं ठरल्याशिवाय दिव्यांना हात लावू नका

वायरमन घाई करतो, कारण त्याला भिंती फोडून मोकळं व्हायचं असतं. पण सुताराचा आराखडा पक्का झाल्याशिवाय दिव्याची एकही जागा ठरवता येत नाही. वरची कपाटं छतापर्यंत जाणार की मध्येच थांबणार, त्यांची दारं बाजूला उघडणार की वर उचलली जाणार, चिमणी किती रुंद आणि नेमकी कुठे, फ्रिज कोणत्या कोपऱ्यात, उंच कपाट आहे का, या सगळ्यांची मापं कागदावर हवीत. वर उचललं जाणारं दार छताजवळ जाऊन दिव्यासमोर आडवं उभं राहतं आणि कपाट उघडं असेपर्यंत ओट्यावर अंधार करतं. हे आराखड्यात लगेच दिसतं, दिवा बसल्यावर मात्र फार उशीर झालेला असतो.

एक आराखडा वरून काढा आणि एक बाजूने, म्हणजे भिंतीचा उभा छेद. दुसरा बहुतेक जण काढतच नाहीत, आणि सावलीचा सगळा हिशेब त्या दुसऱ्यावरच होतो.

२. छताच्या वर काय आहे ते बघा

काँक्रीटच्या स्लॅबखाली फॉल्स सीलिंग करणार असाल तर मधली पोकळी किती मिळते ते मोजा. साधा चपटा एलईडी दिवा ५ ते ६ सेंटीमीटरमध्ये बसतो, पण खोलगट, डोळ्यांना न दिपवणाऱ्या दिव्याला ९ ते १२ सेंटीमीटर लागतात, शिवाय ड्रायव्हर (एलईडीला योग्य तेवढी वीज पुरवणारा छोटा डबा) आडवा ठेवायला आणि हवा खेळायला थोडी जागा. उंची कमी असेल तर सगळ्या खोलीचं छत खाली आणायची गरज नसते. फक्त ओट्याच्या बाजूने ६० ते ९० सेंटीमीटर रुंदीचा पट्टा खाली आणला तरी काम भागतं, आणि चिमणीचा पाइपही त्यातच लपतो.

फॉल्स सीलिंग करायचंच नसेल तर स्लॅबमध्ये भोकं पाडून दिवे बसवायचा विचार सोडा. स्लॅबमधल्या सळ्या कापणं हा इमारतीच्या मजबुतीचा प्रश्न आहे, आणि ताण दिलेल्या केबलचा स्लॅब असेल तर तो सरळसरळ जिवाशी खेळ. अशा वेळी छताला बाहेरून लागणारे दंडगोल दिवे घ्यावेत. जागांचं गणित तेच राहतं.

लाकडी तुळयांचं छत असेल तर तुळया कुठून कुठे जातात त्याची खूण आधी करून घ्या. दिव्याची आदर्श जागा हमखास तुळईवर येते आणि चार-पाच सेंटीमीटर सरकवावी लागते. वर उष्णतारोधक थर अंथरलेला असेल तर त्या थराला चिकटून चालणारे, आयसी रेटिंगचे दिवेच घ्या. साध्या दिव्यावर असा थर आला की उष्णता कोंडते. ड्रायव्हर लवकर जातो आणि आगीचा धोका वाढतो. वर दुसरी राहती खोली असेल आणि मधलं छत आग अडवण्यासाठी धरलेलं असेल, तर प्रत्येक भोकाने ते कमकुवत होतं. त्यासाठी ३०, ६० किंवा ९० मिनिटांचे फायर-रेटेड दिवे मिळतात.

३. सावलीचं गणित

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही. बाजूचा छेद समोर ठेवा.

ओट्यावरचा दिवा भिंतीपासून किती अंतरावर हवा? सर्रास मिळणारं उत्तर असतं, ‘ओट्याच्या कडेवर’, म्हणजे ६० सेंटीमीटरवर. बघू या. दिवा जमिनीपासून २६० सेंटीमीटर उंचीवर. वरच्या कपाटाची खालची पुढची कड १४५ सेंटीमीटरवर आणि भिंतीपासून ३३ सेंटीमीटर पुढे. दिव्यातून निघून त्या कडेला घासून जाणारा किरण ११५ सेंटीमीटर खाली येताना २७ सेंटीमीटर भिंतीकडे सरकतो. तिथून ओट्यापर्यंत आणखी ६० सेंटीमीटर खाली, म्हणजे अजून १४ सेंटीमीटर आत. किरण ओट्याला टेकतो भिंतीपासून १९ सेंटीमीटरवर. भिंतीलगतचा १९ सेंटीमीटरचा पट्टा कपाटाच्या सावलीत राहिला. मसाल्याचे डबे, मिक्सर, पाण्याचं भांडं नेमकं तिथेच असतं.

मग दिवा मागे घेऊ, ९० सेंटीमीटरवर. आता तोच किरण भिंतीपासून जेमतेम ३ सेंटीमीटरवर टेकतो. कपाटाची सावली जवळजवळ गेली. पण आता मध्ये माणूस आला. ओट्यापाशी जरा वाकून काम करणाऱ्याचं डोकं भिंतीपासून साधारण ५५ ते ६५ सेंटीमीटरवर असतं, जमिनीपासून दीडेक मीटर उंचीवर. ९० सेंटीमीटरवरचा दिवा डोक्याच्या मागे गेला, आणि डोक्याची सावली ओट्यावर भिंतीपासून ३५ ते ५० सेंटीमीटरच्या पट्ट्यात पडली. चॉपिंग बोर्ड ठेवायची जागा तीच.

थोडक्यात, दिवा पुढे घेतला तर कपाट आडवं येतं, मागे घेतला तर डोकं. छतातला कुठलाही दिवा एकट्याने हा पेच सोडवू शकत नाही, मग तो कितीही महाग असो. मी दिवा ५५ ते ६५ सेंटीमीटरवर ठेवतो आणि कपाटाखालच्या अंधाराचं काम कपाटाच्या तळाला लावलेल्या एलईडीच्या पट्टीवर, म्हणजे स्ट्रिपवर सोपवतो. दिवा मागे असेल तर डोक्याची सावली टाळता येत नाही, कपाटाची मात्र स्ट्रिपने घालवता येते. वरची कपाटं नसलेल्या भिंतीवर दिवा ४५ ते ५० सेंटीमीटरपर्यंत पुढे घेता येतो, आणि तिथे स्ट्रिप नसली तरी चालतं.

आता आडवी मांडणी. आपल्या नमुना खोलीत ३.६ मीटरचा सरळ ओटा आहे असं धरू. दिवे ९० सेंटीमीटर अंतराने, आणि टोकाच्या भिंतीपासून त्याच्या निम्म्या अंतरावर: ४५, १३५, २२५ आणि ३१५. चार दिवे झाले. ही झाली कच्ची मांडणी. आता ती कामाच्या जागांप्रमाणे हलवायची. सिंक १३५ च्या आसपास असेल तर दिवा सिंकच्या बरोबर मध्यावर आणा. चिमणी २२५ वर असेल तर तिथला दिवा चिमणीच्या डोक्यावरची धूळ उजळेल, बाकी काही नाही. तो काढून टाका किंवा चिमणीच्या कडेपासून निदान ३० सेंटीमीटर बाजूला न्या. शेगडीसाठी चिमणीचा स्वतःचा दिवा असतो. चिरण्या-मळण्याची मुख्य जागा मात्र एका दिव्याच्या खाली न ठेवता दोन दिव्यांच्या मध्ये ठेवा. दोन्ही बाजूंनी उजेड आला की हाताची सावली फिकी पडते. उजव्या हाताने काम करणाऱ्याला डावीकडचा दिवा जास्त उपयोगी, डावखुऱ्याला उजवीकडचा.

खोलीत मधोमध स्वतंत्र ओटा असेल तर त्यावर वर कपाटं नसतात, त्यामुळे गणित सोपं: लांबीच्या मध्यरेषेवर दोन किंवा तीन दिवे, टोकांपासून ३० ते ४५ सेंटीमीटर आत.

उंच कपाट आणि फ्रिज यांच्यासाठी दिवा दाराच्या पुढे ६० ते ७० सेंटीमीटरवर. फार जवळ घेतला तर दारावर वरून प्रकाशाची कमान उमटते आणि आतल्या खालच्या फळ्या काळ्याच राहतात.

पंखा असेल तर एक वेगळी खबरदारी. पात्यांच्या फेरीच्या वर दिवा आला तर पाती प्रकाश कापतात आणि सगळी खोली लपलपते. धारदार सुरी हातात असताना हा प्रकार नुसता त्रासदायक नसतो, धोक्याचाही असतो. पंख्याच्या टोकापासून दिवा बाहेर आणि शक्य तितका लांब ठेवा, आणि रुंद झोताचा दिवा पंख्याच्या आसपास घेऊ नका, कारण त्याचे तिरके किरण पात्यांत शिरतात.

४. उजेड किती हवा

वॅट विसरा. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. तो उजेड किती देतो हे ल्युमेन सांगतात. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की तो एक लक्स. स्वयंपाकघरात सर्वसाधारण उजेड १५० ते २०० लक्स आणि ओट्यावर ३०० ते ५०० लक्स असला की काम आरामात होतं. घरात साठी ओलांडलेलं कोणी रोज ओट्याशी उभं राहत असेल तर वरच्या आकड्याकडे झुका. वयाप्रमाणे बाहुली लहान आणि भिंग पिवळसर होत जातं, आणि विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीत पोचतो.

खोली १०.८ चौरस मीटर, २०० लक्स हवेत, म्हणजे २,१६० ल्युमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश कामाच्या पातळीवर येत नाही. काही भिंती आणि कपाटं खातात. फिक्या रंगाच्या खोलीत साधारण ६० टक्के पोचतो असं धरा. काळाबरोबर दिवा मंदावतो आणि काचेवर तेलकट थर बसतो, त्यासाठी आणखी २० टक्के सोडा. २,१६० भागिले ०.६ भागिले ०.८, म्हणजे ४,५००. एका दिव्याचे ७५० ल्युमेन धरले तर सहा दिवे. ओट्यावरचे चार, त्यातला एखादा चिमणीमुळे सरकलेला, आणि उंच कपाट-फ्रिजपाशी दोन. हिशेब जुळला. गडद रंगाची कपाटं आणि काळा दगड असेल तर ०.६ ऐवजी ०.४५ घ्या, आकडा आठपर्यंत जातो.

हा ढोबळ हिशेब आहे आणि तेवढाच असायला हवा. पाच दिवे की सहा यावर वाद घालण्यापेक्षा डिमर लावणं शहाणपणाचं. जादा उजेड कमी करता येतो, अपुरा उजेड वाढवता येत नाही.

५. दिवा निवडताना

दुकानात सगळे दिवे सारखेच दिसतात, कारण तिथे ते सगळे एकदम चालू असतात. डब्यावरचे आकडे वाचायचे.

पहिला आकडा बीम अँगलचा, म्हणजे झोताच्या कोनाचा. ओट्यापासून दिवा १.७५ मीटर वर आहे. ३६ अंशांच्या दिव्याचा गोल ओट्यावर साधारण १.१ मीटर व्यासाचा पडतो, ६० अंशांचा २ मीटरचा, ९० अंशांचा साडेतीन मीटरचा. त्याच ७५० ल्युमेनमध्ये ६० अंशांचा दिवा बरोबर खाली अंदाजे ३०० लक्स देतो आणि ३६ अंशांचा ८०० च्या आसपास. म्हणून दुकानदार ३६ चा दिवा दाखवून ‘बघा किती पॉवरफुल’ म्हणतो. ओट्यावर मात्र ९० सेंटीमीटर अंतराने ३६ चे दिवे लावले की उजेडाचे डाग आणि मध्ये फिकट पट्टे येतात, आणि सुरीच्या धारेला तीन-तीन करकरीत सावल्या फुटतात. त्यातली खरी धार कोणती हे डोळ्याला दर वेळी ठरवावं लागतं. ओट्यासाठी ६० अंश चांगला. चपटे पॅनेल दिवे १०० ते १२० अंशांपर्यंत पसरतात. सावली मऊ पडते, पण बराच प्रकाश भिंतींवर आणि तुमच्या डोळ्यांत जातो.

डोळे दिपण्याचा मुद्दा इथेच येतो. दिव्याचा चकाकणारा भाग छताच्या पातळीत असेल तर खोलीत कुठेही बसलं तरी तो दिसत राहतो. तोच भाग तीन-चार सेंटीमीटर आत असेल आणि भोवती काळपट किंवा मॅट कडं असेल तर खाली उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. स्वयंपाकघर बैठकीला उघडं असेल तर खोलगट दिवेच घ्या. बंद स्वयंपाकघरात, छत बुटकं असेल तर, चांगल्या डिफ्यूजरचं (प्रकाश पसरवणाऱ्या दुधी झाकणाचं) पॅनेलही चालून जातं.

रंगाचा आकडा केल्विनमध्ये असतो. २,७०० ते ३,००० पिवळसर, ४,००० पांढरा, ६,५०० निळसर. बैठकीला जोडलेल्या स्वयंपाकघराला ३,०००, स्वतंत्र स्वयंपाकघराला ४,०००, हे माझं मत. ६,५०० मध्ये शिजलेलं अन्न आजारी दिसतं. कोणताही आकडा घ्या, पण छतातले दिवे, कपाटाखालची स्ट्रिप आणि चिमणीचा दिवा यांचा रंग शक्य तितका एकच ठेवा. पांढऱ्या भिंतीवर दोन रंगांचे पट्टे शेजारी पडले की दगड-टाइल्स कितीही भारी असोत, नजर तिथेच अडकते.

त्याहून दुर्लक्षित आकडा सीआरआयचा. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो, १०० पैकी. ८० चा दिवा सर्रास मिळतो. स्वयंपाकघरात ९० हवा. सीआरआयची सरासरी ज्या आठ रंगांवर काढतात त्यात गडद लाल नसतो; त्याचा आकडा आर-नाइन म्हणून वेगळा येतो. टोमॅटो पिकलाय की नाही, मांस शिजलंय की आत लाल आहे, कांदा सोनेरी झाला की करपायला लागला, हे सगळं त्या लालवर अवलंबून. आर-नाइन ५० च्या वर लिहिलेला असेल तर दिवा चांगला. तो लिहिलेलाच नसेल तर विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर पुढचं दुकान बघा.

एलईडी आतच पक्की बसवलेली घ्यावी की बदलता येणारा बल्ब? पक्की असेल तर दिवा चपटा आणि देखणा असतो, पण एक बंद पडला की अख्खा बदलावा लागतो, आणि तोवर ते मॉडेल बंद झालेलं असतं. बदलत्या बल्बचा दिवा जरा खोल जागा मागतो, पण दुरुस्ती पाच मिनिटांची. मधला मार्ग म्हणजे ड्रायव्हर वेगळा असलेला दिवा. आधी बंद पडतो तो बहुधा ड्रायव्हरच, आणि दिव्याच्याच भोकातून हात घालून तो बदलता येतो.

शेगडी आणि सिंकवरच्या दिव्यांना पुढून बंद काच असावी. जाळीच्या किंवा उघड्या दिव्यात वाफ, तेल आणि किडे जातात आणि साफ करायला दिवा उतरवावा लागतो. धूळ-पाणी किती अडतं हे सांगणारं आयपी रेटिंग ४४ किंवा त्याहून वरचं असलं की पुरे.

६. कपाटाखालची स्ट्रिप

तिसऱ्या पायरीत उरलेला १९ सेंटीमीटरचा अंधार हिच्यावर सोडला होता. मीटरमागे ४०० ते ६०० ल्युमेनची स्ट्रिप घ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत, दुधी झाकणासह. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला लावा, तीन-चार सेंटीमीटरच्या लाकडी झालरीमागे, तोंड किंचित भिंतीकडे. मागे भिंतीला लावली तर उजेड टाइल्सवरच खर्च होतो आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जातो. दुधी झाकण वगळू नका: पॉलिश केलेल्या काळ्या ओट्यात उघड्या स्ट्रिपचा एकेक ठिपका मोजता येईल इतका स्पष्ट दिसतो. लांबी तीन मीटरच्या पुढे जात असेल तर १२ ऐवजी २४ व्होल्टची घ्या, नाहीतर दूरचं टोक मंद पडतं. तिचा ड्रायव्हर शेगडीवरच्या कपाटात ठेवू नये. बाजूच्या कपाटात, हात पोचेल असा ठेवावा.

फक्त खाली बघणारे दिवे लावले की छत आणि भिंतींचा वरचा भाग काळवंडतो आणि खोली बुटकी वाटते. कपाटं छताच्या खाली थांबत असतील तर त्यांच्या डोक्यावर एक साधी स्ट्रिप वरच्या दिशेने टाकून द्या. छत मोठं वाटतं आणि सगळ्या सावल्या मऊ होतात.

७. स्विच आणि सर्किट

एका स्विचवर सगळे दिवे ही सर्वांत महागडी काटकसर. ओट्यावरचे दिवे एका स्विचवर, खोलीचे दुसऱ्यावर, स्ट्रिप तिसऱ्यावर, हे किमान. रात्री पाणी प्यायला येणाऱ्याला स्ट्रिप पुरते. दोन दारं असतील तर एका गटाला टू-वे स्विच द्या. स्ट्रिपचा स्विच कपाटाखाली लपवण्यापेक्षा मुख्य बोर्डावर घ्या, नाहीतर ती कोणी लावतच नाही.

डिमर घ्यायचा तर दिवा आणि डिमर एकत्र खरेदी करा. दिव्याच्या डब्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं असणं पुरेसं नसतं. जुन्या पद्धतीचे डिमर पिवळ्या बल्बच्या मोठ्या भारासाठी केलेले. त्यांना एलईडीचा जेमतेम ४०-५० वॅटचा भार लागला की दिवे गुणगुणतात, लुकलुकतात किंवा पूर्ण विझतच नाहीत. एलईडीसाठी बहुधा ‘ट्रेलिंग-एज’ नावाने मिळणाऱ्या प्रकारचा, किमान भार कमी असलेला डिमर ठीक बसतो. पुढे कधी स्मार्ट स्विच लावायचा विचार असेल तर आत्ताच स्विचबोर्डात न्यूट्रलची वायर ओढून ठेवा; त्यातल्या बऱ्याच स्विचना ती लागते.

दिव्यांचं सर्किट प्लग पॉइंटपासून वेगळं असावं. मिक्सरने ब्रेकर पडला तर निदान उजेड राहील. हे सगळं काम परवानाधारक वायरमनकडून आणि तुमच्याकडच्या विजेच्या नियमांप्रमाणे करून घ्या. दिव्यांच्या जागा तुम्ही ठरवा. वायरची जाडी, ब्रेकर आणि अर्थिंग त्याच्यावर सोडा.

८. छत बंद होण्याआधी एक रात्र

छताचा सांगाडा उभा राहिला आणि सीलिंगचे बोर्ड अजून लागायचे आहेत, ही तपासणीची वेळ. ओटा नसेल तर त्या उंचीवर एक फळी टाका, आणि वरच्या कपाटाच्या जागी कपाटाइतकंच खोल पुठ्ठ्याचं खोकं टांगा. अंधार पडल्यावर एकाने घोडीवर चढून ठरलेल्या जागेवर टॉर्च किंवा तात्पुरता जोडलेला दिवा धरायचा आणि दुसऱ्याने फळीपाशी उभं राहून हात हलवायचे. सावली कुठे पडते ते डोळ्यांनी दिसतं. घरातला सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका, दोघांनाही उभं करा. दोघांच्या सावल्या वेगळ्या पडतात. हीच वेळ स्विचच्या जागा बोटाने दाबून बघायची.

जागा पक्क्या झाल्या की त्या जमिनीवर खडूने उतरवा आणि दोन भिंतींपासूनची मापं लिहून घ्या. छत लागल्यावर वरच्या खुणा झाकल्या जातात. जमिनीवरून ओळंबा किंवा लेझर लावून त्या परत छतावर नेता येतात. सांगाड्याची पट्टी नेमकी दिव्याच्या जागी येत असेल तर आत्ताच सरकवून घ्या.

९. वायर, भोकं, जोडणी

प्रत्येक दिव्याच्या जागी वायरचं टोक ३० ते ४० सेंटीमीटर लांब सोडून घ्या, म्हणजे दिवा खाली ओढून जोडता येतो. वायरिंग झाल्यावर छत बंद करण्याआधी सगळ्या छताचे फोटो काढा, प्रत्येकात मोजपट्टी दिसेल असे. पुढे चिमणीसाठी किंवा पडद्यासाठी भोक पाडताना ते लागतात.

भोकं दिवे हातात आल्यावरच पाडा. दिव्याचा बाहेरचा व्यास आणि कटआउटचा, म्हणजे छतात पाडायच्या भोकाचा व्यास यांत एक-दोन सेंटीमीटरचा फरक असतो, आणि ‘तीन इंची’ म्हणून विकले जाणारे सगळे दिवे एकाच भोकात बसत नाहीत. एक भोक टाकाऊ तुकड्यावर पाडून दिवा बसवून बघा, मग छताला होल-सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लावा. रंगकाम भोकं पाडल्यानंतर आणि दिवे बसवण्याआधी.

सगळे दिवे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या. दोन बॅचमधले ३,००० केल्विनही शेजारी-शेजारी वेगळे दिसू शकतात. एक-दोन दिवे आणि एक ड्रायव्हर जादा घेऊन ठेवा.

जोडणी झाली की पैसे चुकते करण्याआधी दिवे सलग तीन-चार तास चालू ठेवा. मग डिमर अगदी खाली आणा आणि खोली शांत करून ऐका. गुणगुण आली तर तिथल्या तिथे डिमर बदलून घ्या. फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून बघा, जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे. ओट्यावर पांढरा कागद ठेवून हात फिरवा. फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपचा आकडा नेमका नसतो, पण ओट्याच्या एका टोकाची दुसऱ्याशी तुलना करायला तो पुरतो. निम्म्याहून जास्त फरक पडत असेल तर कुठेतरी अंतर चुकलं आहे.

शेवटी डब्यांचे फोटो: मॉडेल, कटआउटचं माप, केल्विन, बीम अँगल, आणि ड्रायव्हरवर छापलेला मिलीअँपिअरचा आकडा. नवा ड्रायव्हर आणताना तो आकडा आणि व्होल्टची रेंज, दोन्ही जुळावी लागतात. ३०० च्या जागी ७०० मिलीअँपिअरचा लावला तर दिवा त्या दिवशी झकास पेटतो आणि थोड्याच दिवसांत जळतो.